मुलांनी मुलांना शिकवायचे, ते नेमके कसे?

जानेवारी २०२५ मध्ये ग्रामीण भारतातील शालेय शिक्षणाविषयीचा 'असर' अहवाल प्रसिद्ध झाला आणि चार दिवस वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झाली. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीत शिकणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे ४९ मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो आणि भागाकाराचे साधे उदाहरण सोडवणारी मुले शंभरात ३१ च्या आसपास आहेत, असे त्यात दिसले. २०२२ च्या तुलनेत हे आकडे सुधारलेले आहेत आणि त्याचे श्रेय शिक्षकांना द्यायलाच हवे. तरीही पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन इयत्ता मागचा मजकूर वाचता येत नाही, ही वस्तुस्थिती उरतेच.

असा आकडा वाचला की पालकांच्या मनात पहिला विचार शिकवणीचा येतो. मराठवाड्यात तर शिकवणी आणि सरावपरीक्षा यांचे मोठे वलय आहे, कारण 'लातूर पॅटर्न'ने दहावी-बारावीच्या निकालात काय होऊ शकते ते दाखवून दिले. परंतु औंढा किंवा पाटोदा तालुक्यातील एखाद्या वस्तीवर तिसरीच्या मुलाला वाचायला शिकवणारी शिकवणी कोठून आणायची आणि आणलीच, तर तिची फी कोणी भरायची? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या प्रश्नाच्या संदर्भात एक उपाय सुचवलेला आहे. प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवावे आणि हा उपक्रम ऐच्छिक व आनंददायी असावा, असे त्यात म्हटले आहे. हे वाचून पुष्कळांना असे वाटते की शिक्षकांच्या जागा भरायच्या नाहीत म्हणून आता लेकरांनाच कामाला लावणार. ही शंका निराधार आहे असे मी म्हणणार नाही आणि तिचे उत्तर पुढे देणार आहे. मात्र त्याआधी ही पद्धत मुळात काय आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण ती जितकी सोपी दिसते तितकी सोपी नाही.

एका तासात एका मुलाच्या वाट्याला किती वाचन येते?

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट साठपर्यंत असेल, तर तेथे दोन शिक्षक असावेत असा निकष आहे. म्हणजे पाच वर्ग आणि दोन शिक्षक. समजा, एका बाईंकडे पहिली-दुसरी आहे आणि एका सरांकडे तिसरी, चौथी व पाचवी मिळून तीस मुले आहेत. चाळीस मिनिटांचा मराठीचा तास सुरू होतो. वर्ग शांत करणे, पुस्तके काढायला लावणे, चौथीला लेखन देऊन बसवणे यांत दहा मिनिटे जातात. उरलेल्या तीस मिनिटांत सरांनी एकेका मुलाकडून मोठ्याने वाचून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येते. बाकीची एकोणतीस मिनिटे ते मूल दुसऱ्याचे वाचन ऐकते, किंवा ऐकत असल्यासारखे दिसते. ज्याला मुळीच वाचता येत नाही, ते मूल आधीच्या तिघांचे ऐकून ते वाक्य पाठ करते आणि आपली पाळी आली की पुस्तकावर बोट ठेवून म्हणून दाखवते. वाचता न येणारी मुले हे फार लवकर शिकतात.

सायकल शिकण्याचे उदाहरण घ्या. गावात एकच सायकल आहे, शिकवणारा एकच मोठा माणूस आहे आणि तीस मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहत आहेत. रोज प्रत्येकाला एक मिनिट सीटवर बसायला मिळते. अशाने सायकल यायला किती वर्षे लागतील? आता पंधरा सायकली आहेत अशी कल्पना करा. एक मूल सीटवर आहे, दुसरे मागे कॅरिअर धरून पळते आहे, दहा मिनिटांनी दोघे जागा बदलतात आणि तो मोठा माणूस सगळीकडे फिरून कोण कॅरिअर लवकर सोडते आहे, कोण धरूनच ठेवते आहे, यावर लक्ष ठेवतो. कॅरिअर धरणारे मूल पट्टीचा सायकलस्वार असण्याची गरज नसते. कधी धरायचे आणि कधी सोडायचे एवढे त्याला समजले पाहिजे. वर्गाच्या बाबतीत पुस्तके तर आपल्याकडे पंधराहून अधिकच आहेत.

कशाला म्हणायचे आणि कशाला म्हणायचे नाही

शिक्षणशास्त्रात या पद्धतीला 'सहाध्यायी अध्यापन' म्हणतात. एकाच शाळेतील दोन विद्यार्थ्यांनी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मजकुरावर, ठरलेल्या रीतीने आणि शिक्षकाच्या नजरेखाली एकमेकांचा सराव घेणे, असा त्याचा अर्थ आहे. या लेखात यापुढे मी त्याला 'जोडीचा अभ्यास' असे म्हणेन. जोडी एकाच वर्गातील असू शकते किंवा वरच्या वर्गातील मुलाची खालच्या वर्गातील मुलाशी असू शकते.

या व्याख्येत 'ठरलेल्या' हा शब्द तीनदा आला आहे, कारण सगळा भार त्याच्यावर आहे. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिणारा वर्गप्रमुख म्हणजे जोडीचा अभ्यास नव्हे. पाच मुलांच्या गटात एकजण लिहितो आणि चौघे पाहतात, तोही नव्हे. आणि आपल्या वर्गांत सर्वाधिक ऐकू येणारे 'ज्याचे झाले त्याने मागच्याला सांगा' हे वाक्य तर या पद्धतीच्या अगदी विरुद्ध टोकाचे आहे. ज्याचे झाले ते मूल मागच्याला उत्तर सांगते, मागचा ते उतरवून घेतो आणि दोघांच्याही वह्या तपासणीला जातात. त्या मुलाचा यात दोष नाही. शिकवणे म्हणजे उत्तर देणे याहून वेगळे काही असते, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते.

मद्रासमधून निघालेली आणि फसलेली कल्पना

ही कल्पना परदेशातून आली, असा समज असल्यास तो दुरुस्त करायला हवा. अँड्र्यू बेल हे १७८९ पासून काही वर्षे मद्रासजवळील एग्मोर येथे अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख होते. स्थानिक शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. आपल्या शाळेत तसे करून पाहण्यास तेथील शिक्षक राजी होईनात, तेव्हा त्यांनी जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडे सर्वांत लहान मुलांचा वर्ग सोपवला आणि तो प्रयोग यशस्वी झाला. बेल यांनी १७९७ मध्ये त्याची हकीगत लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनमध्ये तशीच शाळा काढली आणि पुढील काही दशकांत एक शिक्षक, शेकडो मुले आणि मध्ये शिकवणारे विद्यार्थी अशी ही व्यवस्था जगभर पसरली. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेतही धूळपाटीवर धाकट्यांचा हात धरून मुळाक्षरे गिरवून घेणारा थोरला विद्यार्थी असेच.

पुढे ही व्यवस्था मागे पडली आणि तशी ती पडायलाच हवी होती. तिचे मुख्य आकर्षण स्वस्तपणा हे होते. मोठी मुले लहानांकडून घोकून घेत आणि शिक्षक दूर उंचावर बसलेला असे. मुले ऐकलेले म्हणून दाखवत, पण ते समजले आहे की नाही हे पाहणारे कोणी नसे. जोडीच्या अभ्यासाचा आजचा अवतार त्यानंतर फार उशिरा, १९८० च्या दशकात, अमेरिकेतील कॅन्सस सिटीमधील जुनिपर गार्डन्स या गरीब वस्तीच्या परिसरातील शाळांतून पुढे आला. १९९० च्या दशकात नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील डग्लस आणि लिन फुक्स या संशोधक दांपत्याने त्याची वाचन आणि गणितासाठी बारकाईने आखणी केली. पुढे दिलेली रीत मुख्यतः या दोन कामांवर आधारलेली आहे. मराठी भाषेची उदाहरणे अर्थातच माझी आहेत.

वाचनाची जोडी कशी लावावी

वर्गात चोवीस मुले आहेत असे समजा. शिक्षकाने प्रत्येक मुलाचे वाचन ऐकून आपल्या वहीत उत्तम वाचणाऱ्यापासून अडखळणाऱ्यापर्यंत क्रम लावावा आणि यादी मधोमध दुभागावी. मग पहिल्याची जोडी तेराव्याशी, दुसऱ्याची चौदाव्याशी, याप्रमाणे बाराव्याची चोविसाव्याशी लावावी. पहिल्याला चोविसाव्याशी बसवण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो टाळावा. त्यांच्यातील अंतर इतके मोठे असते की एकाला कंटाळा येतो आणि दुसऱ्याला दडपण. मुलांची संख्या विषम असल्यास एका ठिकाणी तिघे बसतील. काही आठवड्यांनी जोड्या बदलाव्यात.

मजकूर जोडीतील कच्च्या वाचकाला झेपणारा निवडावा. तो शंभर शब्दांत दहापेक्षा अधिक ठिकाणी चुकत असेल तर ते पुस्तक त्याच्यासाठी अवघड आहे, मग ते त्याच्या इयत्तेचे असले तरीही. येथे शिक्षकाला धीर धरावा लागतो. पाचवीच्या मुलाच्या हाती दुसरीचे पुस्तक देताना अभ्यासक्रम मागे पडल्याची भीती वाटते. परंतु जे वाचताच येत नाही त्याच्यासमोर पान उलटत राहिल्याने अभ्यासक्रम पूर्ण होतो, असे मला तरी वाटत नाही.

आता प्रत्यक्ष वाचन. पक्का वाचक आधी पाच मिनिटे मोठ्याने वाचतो आणि कच्चा वाचक बोट फिरवत ऐकतो. मग तोच मजकूर कच्चा वाचक पाच मिनिटे वाचतो. या क्रमामागे साधे कारण आहे. शब्द नुकताच कानावरून गेलेला असल्यामुळे डोळ्यांना तो ओळखणे सोपे जाते आणि वाचनाची लयही कानात राहते. दोघेही वाचतात आणि दोघेही तपासतात, त्यामुळे 'हा गुरुजी आणि हा ढ' अशी कायमची विभागणी होत नाही.

या रीतीचे मर्म चूक दुरुस्त करण्यात आहे. वाचणारा अडला तर जोडीदाराने मनात चारपर्यंत मोजायचे, लगेच सांगायचे नाही. शब्द चुकला तर 'थांब, हा शब्द पुन्हा बघ' एवढेच म्हणायचे. तरीही जमले नाही तर शब्द सांगायचा, वाचणाऱ्याने तो म्हणायचा आणि मग ते संपूर्ण वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. शेवटची ही पायरी मुले हमखास गाळतात आणि माझ्या मते सर्वांत मोलाची तीच आहे. मराठीत वाचणारे मूल शब्दाच्या सुरुवातीवरून अंदाज बांधते. 'शेतकऱ्याने' असे छापलेले असते आणि ते 'शेतकरी' वाचून पुढे जाते, 'सूर्य' मधला रफार सुटतो, 'मुलांना' चे 'मुलाना' होते. तीस मुलांच्या वर्गात शिक्षकाच्या कानावरून हे निसटून जाते. शेजारी बसून त्याच ओळीवर बोट ठेवलेल्या मुलाच्या नजरेतून ते सहसा निसटत नाही.

वाचून झाल्यावर एक परिच्छेद घेऊन तीन गोष्टी करायच्या असतात. हा परिच्छेद कोणाविषयी किंवा कशाविषयी आहे ते सांगायचे, त्याच्याविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आणि ते सारे दहा किंवा त्याहून कमी शब्दांत मांडायचे. विहिरीवरच्या एखाद्या परिच्छेदाचे 'गावातली विहीर आटल्यामुळे बायकांना लांबून पाणी आणावे लागते' असे आठ शब्द होतात. मुले बोटांवर शब्द मोजतात, अकरा झाले की एखादा कमी करतात आणि कोणता शब्द काढला तरी अर्थ राहतो यावर वाद घालतात. आकलन म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगण्याची याहून चांगली वाट मला माहीत नाही.

गणितात प्रश्न विचारायचे, उत्तर द्यायचे नाही

बावन्नातून सत्तावीस वजा करायला सांगितले की तिसरीतील अनेक मुले पस्तीस लिहितात. ती आळशी नसतात. त्यांनी एककस्थानी २ आणि ७ पाहिले, मोठ्यातून लहान काढायचा हा नियम लावला, पाच लिहिले आणि दशकस्थानी तीन लिहिले. जोडीदार 'चुकलं, पंचवीस लिही' म्हणाला तर वही दुरुस्त होते, समज तशीच राहते. म्हणून गणिताच्या जोडीदाराच्या हाती प्रश्नांचे कार्ड द्यावे लागते. एककात किती आहेत? त्यातून किती काढायचे आहेत? पुरतात का? नाही पुरले तर कोठून आणायचे? आणल्यावर दशकात किती उरले? सोबत दहा-दहा काड्यांचे गठ्ठे ठेवावेत. गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्या करणे म्हणजे किराणा दुकानात दहाची नोट मोडून सुटे घेणे, हे मुलाला हाताने समजते. शेवटी उत्तराची पडताळणी करायची. पस्तीस आणि सत्तावीस मिळवले तर बासष्ट होतात, बावन्न होत नाहीत. हे दोघांच्याही एकाच वेळी लक्षात येते आणि कोणी कोणाची चूक काढली असे राहत नाही.

मराठीतील संख्यानामांची एक अडचण येथे सांगितली पाहिजे. 'बावन्न' म्हणताना दोनाचा उच्चार आधी होतो आणि पन्नासाचा नंतर, पण लिहिताना पाच आधी येतात. त्यामुळे ऐकून लिहिणारे मूल २५ लिहून मोकळे होते. याच कारणासाठी २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास दोन' यासारखी वाचनपद्धतीही देण्यात आली आणि त्यावर राज्यभर मोठा वाद झाला होता. त्या वादात मी येथे शिरत नाही. मुद्दा एवढाच आहे की आपण मोठ्यांनी हा गोंधळ कधीचाच मागे टाकलेला असतो आणि तो किती खरा होता ते आपल्याला आठवत नाही. चौथीतल्या मुलीला तो कालपरवाचा असतो, त्यामुळे तिसरीतला भाऊ नेमका कोठे अडला हे तिला पटकन उमगते.

हुशार मुलाचे यात नुकसान होत नाही का?

पालकसभेत सर्वांत आधी येणारा प्रश्न हाच असतो आणि तो रास्त आहे. पीटर कोहेन, जेम्स कुलिक आणि चेन-लिन कुलिक यांनी १९८२ मध्ये शाळांमधील अशा शिकवण्यांवरील ६५ अभ्यास एकत्र तपासले. शिकणाऱ्या मुलांच्या प्रगतीची मोजणी ५२ अभ्यासांत होती आणि त्यांपैकी ४५ अभ्यासांत या मुलांनी इतरांपेक्षा चांगली कामगिरी केली. शिकवणाऱ्या मुलांचाही त्या विषयात सरासरीने फायदा झालेला दिसला. याचे नवल वाटू नये. हातच्याचे उदाहरण स्वतः सोडवणे वेगळे आणि 'का घ्यायचा' असे कोणी विचारल्यावर ते सांगणे वेगळे. सांगताना आपल्याच समजुतीतील भोके दिसतात.

तरीही सर्वच प्रयोगांत असे घडले नाही. केनियातील एका मोठ्या प्रयोगात मोठ्या मुलांनी लहानांना शिकवले, तेव्हा लहानांना गणितात थोडासाच फायदा झाला, इंग्रजीत तो दिसला नाही आणि शिकवणाऱ्यांच्या गुणांत फरक पडला नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की जोडीचा अभ्यास आठवड्यातून तीन दिवस, अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक नसावा, भूमिका आलटूनपालटून असाव्यात आणि पुढे गेलेल्या मुलांना उरलेल्या वेळात त्यांच्या पातळीचे आव्हान मिळावे. जे मूल दिवसभर इतरांच्या वह्याच तपासत बसते, त्याच्या पालकांची तक्रार योग्य आहे.

मुलाने चुकीचे शिकवले तर?

नवीन संकल्पना मुलांनी शिकवायचीच नसते. ती शिक्षकच शिकवतात. मुले सराव घेतात आणि सरावाच्या कार्डामागे उत्तर लिहिलेले असते. वाचनाचा मजकूर शिक्षकाने आधी एकदा वाचून दाखवलेला असतो. अडलेला शब्द दोघांनाही येत नसेल तर हात वर करून शिक्षकाला बोलावणे हाही नियमाचाच भाग आहे. एवढे केल्यावरही काही चुका राहतील. परंतु आजच्या तासात ज्या चुका कोणाच्या कानापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांच्याशी या चुकांची तुलना करायला हवी.

जोडी लावताना गाव मध्ये येते

कमी येणाऱ्या मुलाला कमीपणा वाटेल, या आक्षेपाचे अर्धे उत्तर वर आलेच आहे. तीस जणांसमोर अडखळण्यापेक्षा एकासमोर अडखळणे सोपे असते. मात्र उरलेले अर्धे उत्तर शिक्षकालाच द्यावे लागते. आपल्या गावांत कोणी कोणाशेजारी बसायचे हे बऱ्याचदा मुलांच्या आधी गावाने ठरवलेले असते. वर्गाची यादी केली आणि वरच्या निम्म्यात एकाच गल्लीची, खालच्या निम्म्यात एकाच वस्तीची किंवा तांड्याची मुले आली, असे मी पाहिले आहे. तशीच यादी राबवली तर जोडीचा अभ्यास गावातील उतरंडच वर्गात आणून बसवतो. यावर उपाय असा की वाचन आणि गणित यांच्या याद्या वेगळ्या कराव्यात, कारण वाचनात विसाव्या क्रमांकावर असलेली मुलगी बाजारच्या हिशेबामुळे गणितात चौथी असू शकते. यादी भिंतीवर लावू नये. आणि 'माझ्या मुलाला त्याच्या शेजारी बसवू नका' असा निरोप आला, तर तो ऐकू नये. ही शेवटची गोष्ट सोपी नसते, हे मला माहीत आहे.

तांड्यावरच्या मुलांबाबत एक फायदाही आहे. घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणाऱ्या पहिलीतील मुलाला पुस्तकातील मराठी परकी वाटते आणि शिक्षकांना सहसा गोरमाटी येत नाही. तिसरीतली तांड्यावरचीच मुलगी त्याला दोन्ही भाषांच्या मध्ये उभी राहून शब्द समजावू शकते. देगलूर-धर्माबादच्या बाजूला तेलुगू बोलणाऱ्या घरांतील मुलांनाही हे लागू पडते.

पद्धत फसली तेव्हा काय घडले

या विषयावर लिहिणारे बहुधा फक्त यशाचे आकडे देतात. स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात १२९ प्राथमिक शाळांत दोन वर्षे झालेल्या प्रयोगात मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याच्या जोड्यांत वाचन आणि गणित दोन्हींत फायदा दिसला, पण एकाच वयाच्या जोड्यांत तो तसा दिसला नाही. त्याच धर्तीवर पुढे इंग्लंडमध्ये गणिताचा मोठा प्रयोग झाला. प्राथमिक शाळेतील मोठी मुले आपल्याहून दोन वर्षांनी लहान मुलांबरोबर आठवड्यातून सुमारे २० मिनिटे गणितावर चर्चा करत. २०१५ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा इतर शाळांच्या तुलनेत काहीही फरक आढळला नाही.

म्हणजे पद्धतीचे नाव घेतल्याने फळ मिळत नाही. ज्या मुलांना एरवी सरावाची आणि तत्काळ दुरुस्तीची संधी कमी मिळते, तेथे जोडीने ती संधी वाढते. ती आधीच पुरेशी असेल तर आणखी एक चर्चा फार भर घालत नाही. हा माझा निष्कर्ष आहे आणि इतरांचा वेगळा असू शकतो. परंतु आपल्या दोन शिक्षकी शाळांत सरावाचा वाटा माणशी एक मिनिट असताना आपण कोणत्या बाजूला आहोत, याविषयी मला शंका नाही. शिवाय फाइफमध्ये वेगवेगळ्या वयांच्या जोड्या मुद्दाम जुळवून आणाव्या लागल्या. आपल्याकडे तिसरी, चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसतात. बहुवर्ग अध्यापनाला आपण नेहमी अडचण मानत आलो, या एका बाबतीत ती सोय ठरू शकते.

उसाच्या फडावरून परतलेले मूल

बीड जिल्ह्यात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी, म्हणजेच एक 'कोयता', पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो आणि ज्यांना मागे आजी-आजोबा नाहीत किंवा हंगामी वसतिगृहाची सोय नाही, ती मुले सोबत जातात. शिक्षण हमी पत्रक घेऊन दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येते, परंतु फडावरच्या कोपीपासून (झोपडीपासून) शाळा किती दूर आहे आणि धाकट्या भावाला कोण सांभाळणार, यावर सारे ठरते. मार्च-एप्रिलमध्ये मूल परत येते तेव्हा वर्ग पाच महिने पुढे गेलेला असतो. नाव हजेरीत असते, पण फळ्यावरचे काही समजत नाही. लवकरच ते शेवटच्या रांगेत जाते आणि नंतर येईनासे होते.

अशा मुलाला शिक्षकाने वेगळे बसवून शिकवावे, असे प्रत्येक परिपत्रक सांगते. तिसरी ते पाचवी सांभाळणाऱ्या एका माणसाने ते कोणत्या तासाला करावे, हे मात्र त्यात नसते. येथे जोडीच्या अभ्यासाची खरी परीक्षा आहे. मूल परतल्यावर पहिल्याच दिवशी त्याची पातळी पाहायची. अक्षरे येतात का, शब्द येतात का, वाक्यावर अडते का, एवढे दहा मिनिटांत कळते. मग त्याच्याहून एक-दोन पायऱ्या पुढे असलेला जोडीदार द्यायचा, शक्यतो गेल्या वर्षी स्वतः असाच परतलेला. त्याला रोज वीस मिनिटे द्यायची, आठवड्यातून तीनदा पुरत नाही. आणि दिवसातून एकदा तरी त्या मुलाला शिकवणाऱ्याच्या जागी बसवायचे. उसाच्या मोळ्या मोजलेल्या मुलाला दहाचे आणि वीसचे टप्पे पाठ असतात. पहिलीतल्या मुलाला काड्यांचे गठ्ठे करून मोजायला शिकवण्याचे काम ते उत्तम करते. पाच महिने वर्गाबाहेर राहिलेल्या मुलाला आपल्याला येते अशी एक गोष्ट वर्गात असणे किती गरजेचे असते, हे ज्यांनी अशी मुले पाहिली आहेत त्यांना सांगावे लागणार नाही.

मग शिक्षकाचे काम काय उरते?

काम कमी होत नाही, त्याचे स्वरूप बदलते. सुरुवातीची शंका येथे पुन्हा घेतो. जोडीचा अभ्यास रिकाम्या जागेचा पर्याय म्हणून आणला, तर तो एकोणिसाव्या शतकाप्रमाणेच फसेल, कारण यादी करणे, मजकूर निवडणे, कार्डे तयार करणे, रीत शिकवणे आणि पंधरा जोड्यांत फिरून ऐकणे ही कामे शिक्षकाशिवाय होत नाहीत. ज्या शाळेत एकच शिक्षक आहे आणि तोही निवडणुकीच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामावर जातो, तेथे आधी शिक्षक द्यावा लागेल.

पहिले दोन आठवडे केवळ रीत शिकवण्यात घालवावेत. शिक्षकाने एका मुलाला समोर बसवून मुद्दाम चुकीचे वाचावे आणि त्या मुलाने 'थांब, हा शब्द पुन्हा बघ' म्हणावे. वर्गाला याची गंमत वाटते आणि नियमही लक्षात राहतो. हसायचे नाही, हिसकावून घ्यायचे नाही, उत्तर सांगून टाकायचे नाही, हेही करून दाखवावे लागते. त्यानंतर घंटी, बसण्याच्या जागा आणि पुस्तके ठरलेली असली की वर्ग दोन मिनिटांत जोडीत बसतो. आवाज होतो, तो होऊ द्यावा. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनाही हे आधी सांगून ठेवलेले बरे.

दर शुक्रवारी शिक्षकाने पाच-सहा मुलांचे एक मिनिट वाचन स्वतः ऐकावे आणि बरोबर वाचलेल्या शब्दांची संख्या तारखेसह वहीत लिहावी. महिनाभरात प्रत्येक मुलाची पाळी येते. सहा-आठ आठवड्यांनी एखाद्याचा आकडा हललेला नसेल तर मजकूर सोपा करून पाहावा, मग जोडीदार बदलून पाहावा. त्यानंतरही तो हलला नाही, तर त्या मुलाला दिसायला किंवा ऐकायला काही अडचण आहे का ते तपासून घ्यावे आणि पुढचे काही आठवडे त्याची जोडी शिक्षकाने स्वतःशी लावावी.